आधी बाहुलीला इंजेक्शन!

मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला घेऊन दवाखान्याची पायरी चढणे हे अनेक घरांत एक दिव्यच होऊन बसते. रिक्षातून उतरतानाच मुलाला रस्ता ओळखीचा वाटू लागतो, स्पिरिटचा वास नाकात शिरतो आणि आईच्या ओढणीला घट्ट धरून जो टाहो फुटतो, तो बाहेर पडेपर्यंत थांबत नाही. वर्षाचे असताना इंजेक्शननंतर दोन मिनिटे रडून विसरून जाणारे हेच मूल आता आदल्या दिवसापासूनच ‘मला नाही जायचे’ म्हणून हटून बसते. प्रतीक्षा कक्षातल्या इतर पालकांच्या नजरा चुकवत बाबा चॉकलेटचे आमिष दाखवतात, आजी ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ म्हणून लाजवू पाहते आणि शेवटी दोघा-तिघांनी हातपाय धरून तपासणी उरकली जाते.

हा हट्टीपणा नव्हे, ही भीती आहे. या भीतीवर ओरडणे, लाजवणे किंवा फसवणे यांपेक्षा कितीतरी अधिक गुणकारी असे साधन प्रत्येक घरात असते, ते म्हणजे खेळ. त्याच्या जोडीला आता कार्टूनही आले आहे. मात्र ही दोन्ही साधने वापरताना एक पथ्य पाळावे लागते. मुलाशी खोटे बोलायचे नाही. हे पथ्य मोडले, तर उत्तम खेळणे आणि उत्तम कार्टूनही फार काळ कामी येत नाही.

भीती येते कुठून?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी मुलांच्या विचारप्रक्रियेचा आयुष्यभर अभ्यास केला. साधारण दोन ते सात वर्षे या वयाला त्यांनी पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले आहे. या वयात मूल भरभर बोलू लागते, कल्पनेत रमते; पण कार्यकारणाचा धागा मोठ्यांसारखा जोडू शकत नाही. एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींपैकी पहिलीमुळेच दुसरी घडली, असे त्याला सहज वाटते. म्हणूनच आपण ताईला मारले म्हणून आपल्याला ताप आला आणि आता डॉक्टर शिक्षा म्हणून सुई टोचणार आहेत, असा निष्कर्ष चार वर्षांचे मूल मनातल्या मनात काढून मोकळे होते. ‘थंड खाऊ नको सांगितले होते ना, आता घे इंजेक्शन’ असे आपण वैतागून म्हणतो, तेव्हा या समजुतीवर शिक्कामोर्तबच होते.

शब्दांचे अर्थही या वयात शब्दशः घेतले जातात. ‘रक्त काढून घेणार’ म्हटले की अंगातले सगळेच रक्त जाणार, असे मुलाला वाटू शकते. बोटाला लहानसे खरचटले तरी मुले चिकटपट्टीसाठी अडून बसतात, त्यामागेही अनेकदा हीच धास्ती असते. त्या छिद्रातून आतले सारे बाहेर येईल की काय, असे त्यांना वाटते. ‘पोट तपासणार’, ‘घसा बघणार’, ‘दात काढणार’ हे मोठ्यांच्या कानाला किरकोळ वाटणारे शब्द मुलाच्या मनात कोणते चित्र उभे करतील, याचा अंदाज बांधणे कठीण असते.

यात भर घालतो आपला जुना बागुलबुवा. पूर्वी जेवत नसलेल्या मुलाला बुवाजीची भीती घातली जाई. शहरी घरांत आता त्या जागी डॉक्टरांची नेमणूक झाली आहे. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाकांना सांगून मोठी सुई टोचायला लावीन’ हे वाक्य ज्या मुलाने वर्षभर जेवणाच्या ताटावर ऐकले आहे, त्याने त्याच डॉक्टरकाकांसमोर हसत तोंड उघडावे, अशी अपेक्षा कशी करता येईल?

ही भीती वेळीच हाताळली नाही तर तिची किंमत मोजावी लागते. आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा पाच ते सहा वर्षांच्या वयात असतो. म्हणजे मूल नेमके सर्वांत जास्त घाबरण्याच्या आणि सर्वांत जास्त लक्षात ठेवण्याच्या वयात ही सुई येते. रडारडीच्या धसक्याने पालकच ती पुढे ढकलत राहतात आणि कधी कधी ती राहूनच जाते. काही मुलांच्या बाबतीत सुईची भीती मोठेपणीही सुटत नाही. अशी माणसे रक्ततपासणी आणि दंतवैद्य यांना शक्य तितके टाळत राहतात.

रुग्णालयात शिरलेला खेळ

आजारी मुलाला औषधाइतकीच मनाच्या आधाराचीही गरज असते, हे वैद्यकशास्त्राने तसे उशिरानेच मान्य केले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बहुतेक रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांनी भेटण्यावर कडक निर्बंध होते. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांचे चित्रीकरण करून वैद्यकीय वर्तुळाला दाखवले. शहाण्यासारखी शांत पडून राहिलेली ती चिमुरडी आतून किती कोमेजली आहे, हे त्या चित्रफितीत स्पष्ट दिसत होते. प्रारंभी डॉक्टरांनी तिच्यावर टीका केली. पण १९५९ मध्ये प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुलांजवळ जाऊ देण्याची शिफारस केली आणि हळूहळू नियम बदलले.

त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँडच्या नगर रुग्णालयात एमा प्लँक यांनी १९५५ पासून दाखल मुलांसाठी खेळ आणि शिक्षण यांचा स्वतंत्र कार्यक्रम उभा केला. मूळच्या व्हिएन्नाच्या प्लँक यांचा पिंड बालशिक्षणाचा होता. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला बाहुलीवर सारे करून दाखवायचे, त्याच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यायची आणि नंतर पुन्हा खेळातून त्याला व्यक्त होऊ द्यायचे, ही त्यांच्या कामाची दिशा होती. १९६२ साली त्यांनी या अनुभवांवर पुस्तक लिहिले. अशा प्रयत्नांतूनच पुढे ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’ हा स्वतंत्र व्यवसाय रुजला. बाहुलीशी खेळणे हा तेथे उपचारांचाच भाग मानला जातो.

खेळाने नेमके काय साधते? दवाखान्यात मूल पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात असते. कोणी त्याचे तोंड उघडते, कोणी पोट दाबते, कोणी हात धरते. खेळात हीच सत्ता त्याच्या हाती येते. तो डॉक्टर होतो, केव्हा सुई टोचायची आणि केव्हा थांबायचे हे तो ठरवतो. शिवाय पुढे काय घडणार याचा क्रम त्याला पाठ होतो. ओळखीचा क्रम मुलांना किती आवडतो हे सांगायला नको. एकच गोष्ट रोज रात्री त्याच शब्दांत ऐकण्याचा त्यांचा आग्रह प्रत्येक आजीला ठाऊक आहे.

पडद्यावरचा दवाखाना

कार्टूनचे बळही याच पुनरावृत्तीत आहे. डिस्ने ज्युनिअर वाहिनीवर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘डॉक मॅकस्टफिन्स’ ही मालिका या विषयातील बहुधा सर्वांत ठळक उदाहरण ठरावी. यातील सहा वर्षांच्या मुलीची आई डॉक्टर आहे आणि ही मुलगी आपल्या खेळण्यांचा दवाखाना चालवते. तिने स्टेथोस्कोप गळ्यात घातला की खेळणी जिवंत होतात, आपल्या तक्रारी सांगतात, ती तपासते, आजाराला नाव देते आणि बरे करते. मालिकेच्या निर्मात्या क्रिस नी यांच्या मुलाला दमा होता आणि त्याच्या वारंवार होणाऱ्या दवाखान्याच्या फेऱ्यांतून त्यांना ही कल्पना सुचली. २०२० पर्यंत ती नव्या भागांसह चालली. ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ या अमेरिकी मालिकेतला छोटा वाघही एका भागात डॉक्टरांकडे जातो.

आपल्याकडेही आरोग्याच्या गोष्टी कार्टूनमधून सांगण्याची परंपरा आहे. १९९० च्या दशकात युनिसेफने दक्षिण आशियासाठी निर्माण केलेली ‘मीना’ ही चुणचुणीत मुलगी अनेकांना आठवत असेल. तिला चित्ररूप देणारे राम मोहन हे भारतीय ॲनिमेशनमधील अग्रणी. मुलींच्या शिक्षणाबरोबरच स्वच्छता, आजार आणि उपचार यांविषयीही मीना बोलत असे आणि मुले ते उपदेशासारखे न ऐकता गोष्टीसारखे ऐकत.

कार्टून लावून देऊन आपण स्वयंपाकघरात निघून गेलो, तर मात्र त्याचा निम्मा उपयोगही होत नाही. मुलाशेजारी बसून पाहावे. मध्येच थांबवून ‘आता डॉक्टर काय करतील?’, ‘त्या अस्वलाला कसली भीती वाटते आहे?’ असे विचारावे. स्वतःची भीती सांगायला मूल कचरते, अस्वलाची भीती मात्र ते मोकळेपणाने सांगते आणि ती बहुधा त्याची स्वतःचीच असते.

कार्टूनच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. ब्रिटनच्या ‘बीएमजे’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या नाताळ अंकात कॅथरीन बेल या डॉक्टरबाईंनी ‘पेपा पिग’ या लोकप्रिय मालिकेतील डॉक्टर ब्राउन बेअर यांच्यावर एक मिश्कील लेख लिहिला होता. साध्या पुरळासाठीही धावत घरी येणाऱ्या या डॉक्टरांमुळे लोकांच्या अपेक्षा अवाच्या सवा वाढतात की काय, असा त्यांचा गमतीदार प्रश्न होता. गमतीचा भाग सोडला, तरी मुद्दा खरा आहे. पडद्यावरचे डॉक्टर सदैव मोकळे असतात आणि त्यांच्याकडे रांग नसते. आपल्या दवाखान्यात तासभर बसावे लागेल, आत गेल्यावर डॉक्टरकाका घाईत असतील, हे मुलाला आधी सांगितलेले बरे. शिवाय दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, कमी असेल तर उत्तमच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणून पंधरा मिनिटांचा एक भाग पाहावा आणि मग टीव्ही बंद करून तीच गोष्ट जमिनीवर मांडावी.

घरातला दवाखाना

भातुकलीइतकाच ‘डॉक्टर-डॉक्टर’ हा आपल्या घराघरांतला खेळ. जत्रेत मिळणारा प्लास्टिकचा डॉक्टर सेट असला तर उत्तम. नसला तरी अडत नाही. सुई नसलेली सिरिंज, बॅटरी, कापसाचे बोळे, चिकटपट्टी, आइस्क्रीमची लाकडी पट्टी आणि एक बाहुली किंवा अस्वल एवढे पुरते. सिरिंज नवीकोरी घ्यावी. वापरलेल्या कोणत्याही वैद्यकीय वस्तूला मुलाचा हात लागू देऊ नये.

पहिल्यांदा मुलाला डॉक्टर होऊ द्यावे. बाहुलीला घेऊन आपण रुग्णाची आई व्हावे. ‘डॉक्टरकाका, हिला कालपासून ताप आहे’ म्हणून सुरुवात करावी. बाहेर बसणे, नाव पुकारणे, वजनकाट्यावर उभे राहणे, छातीला थंडगार स्टेथोस्कोप लागणे, ‘आऽऽ’ करणे, दंडाला ओला कापूस फिरवणे, सुई, पुन्हा कापूस, पट्टी आणि ‘टाटा’ असा सारा क्रम खऱ्या दवाखान्यासारखा असावा. दंतवैद्याकडे जायचे असेल तर वर-खाली होणारी खुर्ची, तोंडावर पडणारा दिवा आणि घूं-घूं आवाजही खेळात आणावा. एक्स-रे काढायचा असेल तर ‘हा हाडांचा फोटो, यंत्र मोठे असते पण अंगाला टोचत नाही, फक्त पुतळ्यासारखे उभे राहायचे’ असे सांगून पुतळा होण्याचा सराव करावा.

यात पालकांकडून हमखास घडणारी गोष्ट म्हणजे बाहुलीला शूर बनवण्याची घाई. ‘बघ, बाहुली मुळीच रडली नाही!’ असे म्हटले की मुलाला एवढेच कळते की रडणे वाईट. त्यापेक्षा बाहुलीला रडू द्यावे. ‘तिला दुखले, म्हणून ती रडली. आईने तिला जवळ घेतले. मग थांबले दुखायचे’ हे मुलाला अधिक धीर देते. रडायला परवानगी आहे, हलायला मात्र नाही, एवढा एकच नियम बाहुलीने पाळावा.

आणि सांगायचे कधी? दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी सांगावे. आठवडाभर आधी सांगितले तर त्याची काळजी तेवढीच लांबते. पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगून तयारीला वेळ देता येतो. पण खेळ मात्र एरवीही, ताप नसताना, सुट्टीच्या दुपारी खेळलेला असावा. दवाखान्याच्या दिवशीच डॉक्टर सेट बाहेर निघाला, की मुले ती खूण बरोबर ओळखतात.

सुईच्या क्षणी

‘काही नाही होणार, मुळीच दुखणार नाही’ हे वाक्य आपण मायेपोटी बोलतो. क्षणभराने सुई टोचते आणि दुखते. मुलाच्या लेखी त्या क्षणी दोन गोष्टी घडतात. दंड दुखतो आणि आईचा शब्द खोटा ठरतो. दंड संध्याकाळपर्यंत बरा होतो, पण पुढच्या वेळी आई ‘आज फक्त तपासायचे आहे’ असे खरेच सांगत असली, तरी मूल विश्वास ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाच्या वेळच्या वेदनांविषयी २०१५ मध्ये जी भूमिका मांडली, तिच्यातही ‘दुखणार नाही’ यासारखी खोटी ग्वाही टाळावी आणि शांत, साध्या शब्दांत काय घडते आहे ते सांगावे, असे म्हटले आहे. लहान मुलाला आईने किंवा बाबांनी धरावे, आडवे पाडून दाबू नये, एकाच वेळी अनेक लसी असतील तर सर्वांत जास्त दुखणारी शेवटी द्यावी आणि सहा वर्षांखालील मुलांचे लक्ष खेळणे, चित्रफीत किंवा गप्पांनी वळवावे, या सूचनाही त्यात आहेत.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्लाउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून अशा प्रसंगी मोठी माणसे काय बोलतात आणि मुले कशी वागतात, याच्या बारकाईने नोंदी केल्या. वारंवार दिलेला धीर, क्षमायाचना आणि टीका यांच्यापाठोपाठ मुलांची अस्वस्थता वाढते आणि दुसऱ्या विषयावरच्या गप्पा किंवा श्वासाकडे वळवलेले लक्ष यांनी ती निवळते, असे त्यांना आढळले. ‘घाबरू नको’ असे आई दहादा म्हणाली, म्हणजे घाबरण्यासारखे काहीतरी आहे, एवढे मुलाला नक्की कळते. याच गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या ९२ मुलांना लस देताना कार्टून दाखवून पाहिले. परिचारिकेने मुलाला कार्टून पाहण्यास प्रोत्साहन दिले, तेव्हा मूलच नव्हे तर पालक आणि परिचारिकाही कमी त्रस्त झाल्या.

तेव्हा खिशातला मोबाइल त्या दोन मिनिटांसाठी अवश्य बाहेर काढावा. परंतु लक्ष वळवणे वेगळे आणि डाव साधणे वेगळे. मूल कार्टूनमध्ये गुंगले आहे असे पाहून गुपचूप मागून सुई टोचली, तर त्याचे आवडते कार्टूनही पुढे संशयास्पद ठरते. ‘आता टोचणार आहेत, एक चिमटा बसल्यासारखे वाटेल. तू बघ, तो उंदीर कुठे लपला ते मला सांग’ असे बोलून मग कार्टून दाखवावे. मुलाला खऱ्या निवडीही द्याव्यात. डावा हात की उजवा, मांडीवर बसायचे की खुर्चीवर, बघायचे की तोंड फिरवायचे, हे त्याला ठरवू द्यावे. ‘इंजेक्शन घ्यायचे ना?’ असे मात्र विचारू नये. जेथे नकार मान्य होणार नाही तेथे प्रश्न विचारणे हीही एक फसवणूकच असते.

आणि एक साधा, बिनखर्चाचा उपाय म्हणजे फुंकर. लागलेल्या जागेवर आई-आजी फुंकर घालतात, ती आता मुलालाच घालू द्यावी. साबणाचे फुगे किंवा जत्रेतले भिरभिरे हाती द्यावे आणि सुईच्या वेळी दीर्घ फुंकर मारायला सांगावे. श्वास लांबतो, स्नायू सैल पडतात आणि मन भिरभिऱ्याकडे जाते.

घरी परतल्यावर

दवाखान्यातून आल्यावर विषय मिटला, असे समजू नये. त्याच संध्याकाळी मूल बाहुलीला घेऊन बसते आणि तिला एकामागून एक दहा इंजेक्शने टोचते, कधी चांगलेच रागाने. हे पाहून घाबरू नये आणि ‘बिचारीला असे नको करू’ म्हणून थांबवूही नये. आपल्यावर जे घडले ते आता ते आपल्या हाताने घडवून पाहत असते. पाच-सात वेळा हा खेळ झाला की राग ओसरतो आणि बहुधा बाहुलीला चिकटपट्टीही मिळते.

मुलाने जे जमवले त्याची नेमकी दखल घ्यावी. ‘शूर आहेस’ यापेक्षा ‘तू रडलास, पण हात अगदी स्थिर ठेवलास’ हे त्याला पुढच्या वेळी उपयोगी पडते.

डॉक्टरांनाही यात वाटा उचलता येईल. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना खेळायला वेळ कुठून आणायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण मुलासोबत आलेल्या अस्वलाच्या छातीला आधी स्टेथोस्कोप लावायला पंधरा सेकंद लागतात आणि हातपाय धरून तपासण्यात जाणारी पाच मिनिटे त्यातून वाचू शकतात. युरोपातील अनेक देशांत वैद्यकीय विद्यार्थी ‘टेडी बेअर रुग्णालय’ भरवतात. बालवाडीतील मुले आपापली खेळणी घेऊन येतात आणि हे भावी डॉक्टर खेळण्यांना गंभीरपणे तपासून उपचार सुचवतात. आपल्या शहरांतील बालवाड्या आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी मनावर घेतले, तर एका सकाळचा हा उपक्रम येथेही सहज होऊ शकेल. त्यात मुलांची भीती जाईल आणि विद्यार्थ्यांना मुलांशी बोलण्याचा सराव मिळेल.

हे सारे करूनही काही मुले घाबरतातच. मोठे आजारपण भोगलेली, वारंवार सुया टोचून घ्यावी लागलेली किंवा स्पर्श आणि आवाज सहन न होणारी मुले असतील, तर डॉक्टरांना आधीच तशी कल्पना द्यावी. त्वचा बधिर करणाऱ्या मलमासारखे उपायही त्यांना विचारता येतात. अपघात किंवा तातडीच्या आजारात खेळायला उसंत नसते. अशा वेळी मूल आक्रोश करीत असतानाच उपचार करावे लागतात आणि ते योग्यच असते. तेव्हा एकच करता येते. ‘हे दुखणार आहे, पण ते करायलाच हवे आणि मी इथेच तुझा हात धरून आहे’ असे त्याला सांगावे. जे मूल एरवी आईबाबांकडून खरेच ऐकत आले आहे, त्याचा त्या क्षणीही या शब्दांवर विश्वास बसतो.